आबांचं निरीक्षण खरं आहे, पण गोळी थांबवू नका

करवीर तालुक्यातल्या एका लेकीचं पत्र आलंय. ओळख पटेल असं काही न ठेवता, थोडक्यात देते.

"डॉक्टर मॅडम, माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. चाळीस वर्षं गुळव्या म्हणून, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ शिजवायचं काम केलंय. श्रावणात छातीत दुखलं, कोल्हापुरात अँजिओप्लास्टी झाली, हृदयाच्या नळीत एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवला. तेव्हापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. गेल्या आठवड्यात गुऱ्हाळावर रानभेंडी तोडताना विळा लागला. कापलं एवढंसं, पण वीस मिनिटं रक्त थांबेना. हातावर काळेनिळे डागही पडतात. शेजारचे म्हणाले, 'रगात पाण्यागत झालंया.' आबांनी चार दिवसांपूर्वी क्लोपिडोग्रेल बंद केली. आईलाही बोलले नाहीत. पाकिटात गोळ्या शिल्लक दिसल्या म्हणून आम्हाला कळलं. विचारलं तर म्हणतात, 'गोळी घेतली की रगात थांबत न्हाई, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मला शिकवू नगंस.' प्लेटलेट तपासून आणल्या, दोन लाख दहा हजार आल्या. सगळं नॉर्मल आहे तर गोळ्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. शिवाय एक दाढ हलतेय, ती काढण्यासाठी दुसरी गोळीही बंद करणार आहेत. मी बी.एस्सी. झालेय, पण त्यांना उत्तर देता आलं नाही. काय सांगू?"

ताई, पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला निरोप धाडला होता, की बाकी सगळं मागाहून बोलू, आधी ज्यांनी स्टेंट बसवला त्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा आणि चार दिवस गोळी चुकलीय हे न लपवता सांगा. ज्यांच्या घरी असंच काही चाललंय त्यांच्यासाठी तेच इथं पुन्हा लिहिते. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करायची नाही. आणि "चार दिवसांनी काय फरक पडतोय" असंही म्हणायचं नाही. किती मात्रेनं पुन्हा सुरू करायची, तपासायला बोलवायचं का, हे डॉक्टर ठरवतील. मात्र हे काम उद्यावर ढकलण्यातलं नाही.

आता आबांच्या बोलण्याकडे येते. गोळी घेतली की रक्त लवकर थांबत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय आणि ते शंभर टक्के खरं आहे. त्यांना वेड्यात काढू नका. अगदी हीच गोष्ट अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल गावच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरांनी पाहिली होती. लॉरेन्स क्रेव्हन त्यांचं नाव. टॉन्सिल काढल्यावर घसा दुखू नये म्हणून त्यांचे पेशंट ॲस्पिरिन घातलेला च्युइंग गम चघळायचे. जे जास्त चघळायचे त्यांच्या जखमेतून जास्त रक्त यायचं. क्रेव्हननी मग उलटा विचार केला. हार्ट ॲटॅक म्हणजे हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी. टॉन्सिलच्या जखमेत जी गोष्ट रक्त साकळू देत नाही, ती हृदयाच्या नळीतही साकळू देणार नाही. १९५० च्या सुमारास त्यांनी हे लिहून छापलं. मोठ्या लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, कारण त्यांच्याकडे तुलनेला गोळी न घेतलेले पेशंट नव्हते. तो आक्षेप रास्तच होता. ठाम पुरावा यायला १९८८ साल उजाडलं. त्या वर्षी १७,१८७ हार्ट ॲटॅकच्या पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज एक ॲस्पिरिन, महिनाभर. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणानं होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणजे आबांनी आणि क्रेव्हननी पाहिलं एकच. क्रेव्हन त्यातून गोळी द्यायला शिकले, आबा बंद करायला. बोटाला रक्त थांबायला वेळ लागतो याचाच अर्थ छातीतला स्टेंट गुठळीनं बंद होत नाहीये, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

यात मोठा दोष "रक्त पातळ करायची गोळी" या शब्दांचा आहे, आणि ते आम्ही डॉक्टर मंडळींनीच रूढ केलेत. पातळ म्हटलं की माणसाला वाटतं, दुधात पाणी घातल्यासारखं झालं, ताकद गेली. तसं काही होत नाही. या दोन गोळ्यांनी रक्त आधी होतं तेवढंच दाट राहतं. हिमोग्लोबिनला त्या हात लावत नाहीत. प्लेटलेटही जेवढ्या होत्या तेवढ्याच राहतात. फक्त त्यांचा चिकटपणा कमी होतो.

प्लेटलेट म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका. दोन-तीन मायक्रॉनच्या चकत्या, हाडांच्या मगजातल्या मोठाल्या पेशींचे तुटून आलेले तुकडे. १८८२ साली इटलीतल्या तुरीन शहरात जूलिओ बिझोझेरो यांनी गिनीपिगच्या आतड्यालगतच्या बारीक रक्तवाहिन्या जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. जिथं नळीला इजा झाली तिथंच या चकत्या येऊन चिकटतात, हे त्यांनी पाहिलं. एरवी रक्तातून गुळगुळीत वाहत जाणारी प्लेटलेट नळीचं अस्तर फाटलेलं दिसलं की तिथं बसते, तिला काटे फुटतात, आणि ती आपल्या पोटातली रसायनं बाहेर टाकून बाकीच्यांना हाका मारते. या हाकांपैकी दोन फार महत्त्वाच्या. एकीचं नाव एडीपी, दुसरीचं थ्रॉम्बॉक्सेन. हाक ऐकून आलेल्या प्लेटलेट एकमेकींचे हात धरतात. त्यावर फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, आणि झाली गुठळी. विळ्यानं कापलेल्या बोटाला ती हवीच असते.

आबांच्या दोन गोळ्या या दोन हाकांवर चालतात. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन बनवणारं एन्झाइम बंद पाडते. ॲस्पिरिन शरीरात नेमकं काय अडवते हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. क्लोपिडोग्रेल एडीपीची हाक ऐकणारा कान बंद करते. दोन्हींचा असर त्या त्या प्लेटलेटपुरता कायमचा असतो. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे बिघडलेलं एन्झाइम तिला नव्यानं बनवता येत नाही. पण तिचं आयुष्यच मुळी सात ते दहा दिवसांचं. रोज जुन्या जातात, नव्या येतात. म्हणून गोळी रोज लागते. आणि म्हणूनच चार दिवस बंद ठेवली की रक्तात पुन्हा पुष्कळशा चिकट प्लेटलेट फिरायला लागतात. आबांना आता बरं वाटत असेल, डाग कमी झाले असतील. मला धास्ती आहे ती त्याचीच.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. दोन लाख दहा हजार हा आकडा उत्तम आहे. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असाव्यात. पण ही झाली मोजणी. फडात किती माणसं आली हे मोजून ऊस किती तोडला हे कळत नाही. प्लेटलेट किती आहेत आणि त्या चिकटतात कशा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मोजमापात आणणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट मी मुद्दाम सांगणार आहे, कारण ती आबांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

त्यांचं नाव गुस्टाव बॉर्न. वडील मॅक्स बॉर्न, भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये या घराला जर्मनी सोडावी लागली. (वडील १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळूरला होते. आपल्याच हायवेवरचं गाव, म्हणून मला हे नेहमी आठवतं.) गुस्टाव इंग्रजांच्या सैन्यात डॉक्टर झाले आणि महायुद्धानंतर जपानात गेले. तिथं हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेली माणसं रक्तस्रावानं दगावताना त्यांनी पाहिली. किरणांनी हाडांतला मगज जळाला होता, नव्या प्लेटलेट तयार होत नव्हत्या. तिथून त्यांचं लक्ष या चकत्यांकडे लागलं ते कायमचं.

१९६२ मध्ये त्यांनी जे यंत्र सांगितलं ते इतकं साधं आहे की विद्यार्थ्यांना शिकवताना मला दरवेळी नवल वाटायचं. रक्तातल्या लाल पेशी खाली बसवायच्या. वर उरतो प्लेटलेटनी भरलेला पिवळसर द्राव, गढूळ. तो काचेच्या बारीक नळीत घालायचा, शरीराइतकाच कोमट ठेवायचा, हलवत राहायचा आणि एका बाजूनं उजेड सोडायचा. गढूळ असल्यामुळे पलीकडे थोडाच उजेड पोचतो. आता त्यात एडीपीचा थेंब टाकायचा. प्लेटलेट एकमेकींना धरून गुठळ्या करतात, मधली जागा मोकळी होते, द्राव नितळतो आणि पलीकडे उजेड वाढतो. किती वाढला, किती वेगानं वाढला, त्याची रेघ कागदावर उमटते. मी तरुणपणी प्रयोगशाळेत पहिल्यांदा हे केलं तेव्हा आकड्याकडे बघितलंच नाही, नळीकडेच बघत राहिले. धुक्यासारखा द्राव, थेंब पडल्यावर आधी त्यात रेतीसारखे कण दिसायला लागले आणि मिनिटा-दोन मिनिटांत नळीपलीकडचं माझं बोट दिसलं.

ताई, तुम्ही गुऱ्हाळात वाढलात. हे कुठं पाहिलंय सांगा बरं? काहिलीत रस तापायला लागला की आबा रानभेंडीचं चिकट पाणी घालतात. गढूळ रसातली घाण एकमेकीला धरते, मळी होऊन वर येते, आबा ती काढतात आणि खाली रस नितळ होतो. तुमच्या आबांचा हात कापला तो याच भेंडीपायी. फरक एवढाच की गुऱ्हाळात चिकटपणा भेंडीचा असतो, रक्तात प्लेटलेट स्वतःच चिकट होते. भेंडी घालण्याआधीचा थोडा रस एका पेल्यात आणि मळी काढल्यानंतरचा दुसऱ्या पेल्यात, दोन्ही थंड होऊ द्या आणि काचेचे पेले आबांच्या हातात देऊन उजेडाकडे धरायला सांगा. मग म्हणा, डॉक्टर लोक रक्ताचं असंच बघतात. क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या माणसाच्या नळीत एडीपी टाकलं तर ती एवढी नितळत नाही, बरीचशी गढूळच राहते. मळी धरत नाही. स्टेंटसाठी हेच हवं असतं.

तुम्ही लगेच विचाराल, मग आबांची ही तपासणी करून घेऊ का? नको. प्रत्येक स्टेंटच्या पेशंटची अशी तपासणी करून गोळी ठरवायची पद्धत नाही. हृदयरोगतज्ज्ञांना एखाद्या पेशंटमध्ये गरज वाटली तर ते स्वतः सांगतात. आणि यापुढं "रक्त पातळ झालंय का बघू" म्हणून प्लेटलेटची मोजणी करून पैसेही घालवू नका. त्या रिपोर्टात या प्रश्नाचं उत्तर नसतं.

स्टेंटलाच इतकी काळजी का, हे आबांना सांगायला हवं. स्टेंट ही धातूची बारीक जाळी. ती नळीत बसली की प्लेटलेटला ती परकी वस्तू आणि जखम अशी दोन्ही दिसते. हळूहळू नळीचं आतलं अस्तर जाळीवर वाढतं आणि तिला झाकून टाकतं. हल्लीच्या औषधाचा लेप असलेल्या स्टेंटवर हे अस्तर आणखी सावकाश चढतं. तोवर जाळी उघडी. त्या काळात दोन्ही हाका अडवून ठेवायच्या असतात, म्हणून दोन गोळ्या. किती महिने, ते ॲटॅक आला होता का, रक्तस्रावाचा धोका किती, यावर ठरतं. ॲटॅकनंतर बहुतेकदा वर्षभर चालवतात. पुढं एक गोळी कमी होते, दुसरी राहते. आबांचे चार महिनेच झालेत.

हे मी पुस्तकातून वाचून लिहीत नाही. माझे थोरले बंधू दरवर्षी चैत्रात जोतिबाचा डोंगर पायी चढायचे. स्टेंट बसवून पाच महिने झाले असताना त्यांची दाढ दुखायला लागली. एका दवाखान्यात त्यांना सांगितलं गेलं, आठवडाभर दोन्ही गोळ्या बंद करा, मग काढू. त्यांनी केल्या. सहाव्या दिवशी पहाटे छातीत कळ आली. स्टेंट गुठळीनं बंद झाला होता. ते वाचले, पण हृदयाचा बराच भाग कायमचा कमजोर झाला. आता घरातला जिनासुद्धा ते थांबत थांबत चढतात. मी आयुष्यभर रक्ताचा अभ्यास केलेली बाई, आणि माझ्या सख्ख्या भावानं मला एक फोन केला नाही, कारण दाढेचा आणि हृदयाचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. मीही त्यांना आधी कधी सांगितलं नव्हतं. हे अजून मला लागून राहिलंय.

म्हणून दाढेबद्दल नीट ऐका. दात काढताना रक्त जास्त वेळ येईल, पण ते समोर दिसणारं, बोटानं दाबता येणारं रक्त आहे. दंतवैद्य कापसाचा बोळा घट्ट धरायला लावतात, टाका घालतात, रक्त थांबवणारं औषध तिथल्या तिथं वापरतात. बहुतेक वेळा या गोळ्या चालू ठेवूनच दात काढता येतो. दाढ नुसतीच हलत असेल, सूज-पू नसेल, तर ती पुढं ढकलता येईल का हेही विचारता येतं. आबांचं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, दंतवैद्यांना स्टेंटची तारीख दाखवा आणि त्यांना हृदयरोगतज्ज्ञांशी बोलायला सांगा. शक्यतो सकाळची वेळ घ्या, म्हणजे काही झालंच तर दिवसाउजेडी दवाखाना गाठता येतो. दाढदुखीला मेडिकलमधून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मात्र देऊ नका. त्यांनी रक्तस्राव वाढतो, आणि आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामात अडथळाही आणते. पित्ताची गोळी बदलायची झाली तरी विचारून बदला, कारण त्यातल्या ओमेप्रॅझोलसारख्या काही गोळ्यांनी क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो.

पुन्हा विळा लागला तर जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ फडकं ठेवून घट्ट दाबा आणि हात छातीच्या वर धरा. दहा-पंधरा मिनिटं घड्याळ लावून, मध्ये उघडून न बघता. माझा अंदाज असा, की त्या दिवशी आबांनी दर दोन मिनिटांनी फडकं काढून बघितलं असणार. सगळेच बघतात, आणि धरलेली गुठळी दरवेळी सुटते. एवढं करूनही अर्ध्या तासात थांबलं नाही तर दवाखान्यात जा. डांबरासारखी काळी शी, लघवीतून किंवा उलटीतून रक्त, डोक्याला मार लागणं किंवा अचानक भयंकर डोकं दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थांबू नका. हातावरच्या काळ्यानिळ्या डागांना घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांना पुढच्या भेटीत दाखवा, बस्स.

राहता राहिले आबा. त्यांनी गोळी लपवून बंद केली, कारण त्यांना भीती वाटली. आणि पैलवानकीच्या या जिल्ह्यात भीती वाटली असं म्हणायची पुरुषांना सवय नाही. त्यांच्याशी सगळ्या घरानं एकदम बोलू नका, तुम्ही एकट्याच बोला. आणि सुरुवात अशी करा: "आबा, तुम्ही बघितलं ते बरोबर होतं, डॉक्टरीणबाईंनी तसं लिहिलंय." पाक झाला की नाही हे जो माणूस थंड पाण्यात थेंब टाकून, बोटांवर गोळी वळवून ठरवतो, तो पुरावा मानणारा माणूस आहे. गळ घालण्यापेक्षा त्याला पुरावाच द्या.

यंदा गुऱ्हाळावर जायचं की नाही, चुलवाणाच्या धगीला किती वेळ थांबायचं, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. जायची परवानगी मिळाली तर रानभेंडी तोडायला दुसरा माणूस द्या, आबांनी काहिलीकडे बघावं. गोळ्यांचं पाकीट आईच्या हाती नको, त्यांच्याच हाती राहू दे. घेतल्यावर त्यांनीच कॅलेंडरवर खूण करावी.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. दाढेचं काय ठरलं तेही.